मयताशी नाते

नकलेच्या अर्जात सहावा रकाना: मयताशी नाते.
मी झोकात लिहिलं, पणती.
तिकीट डकवलं. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात,
रेकॉर्डरूमच्या परमारभाईंनी
'बेसो, बेन' म्हणत स्टूल सरकवलं.

दादाची पंच्याहत्तरी. वंशवृक्षाचा फ्लेक्स
छापायला टाकलाय, सहा बाय आठ.
पानोपानी आम्ही सगळे, टोरांटोची धाकटीसुद्धा,
फक्त खोडाशी तपशील हवा होता:
व्यंकोजी रायाजी सालपेकर,
सरकारी घड्याळांना किल्ली देणारे.
मुलं किती, कधी वारले,
मृत्युपत्रात असणारच, दादा म्हणाला.

बस्त्याची गाठ सोडण्याआधीच
परमारभाई शिंकले, सवयीनं.
अर्ज गुजरातीत, मजकूर मराठीत, सही मोडीत,
शेवटचं अक्षर कागदाबाहेर जाता जाता थांबलेलं.
संवत एकोणीसशे एकोणसत्तर.
अक्कलहुशारीने व राजीखुशीने लिहून ठेवतो की,
तांब्याचा बंब व दोन घागरी पत्नी तानूबाई हीस.
मांडवीतील खोलीचे भाडे, ती हयात असेतो, तिलाच.
चांदीची साखळी पुतण्या हैबती यास,
कारण तो मागेल.

मला हसू आलं. मग पुढे:
जे घड्याळ रोज सात मिनिटे मागे पडते ते नारूस.
त्यास कसे हलवावे हे त्यालाच ठाऊक.

नारू म्हणजे माझे आजोबा.
मी सात वर्षांची असताना गेले.
पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांनी कधी फेकलं नाही,
कुंडीत, नाहीतर मांजराच्या वाडग्यात.
आम्ही त्यांना चिक्कू म्हणायचो.

त्यापुढचा मजकूर मी तीनदा वाचला.
छप्पनच्या काळात पाणीदरवाज्यापाशी हा मुलगा मिळाला.
वय तीन-चार. नाव सांगता आले नाही.
जात मी विचारली नाही.
माझे आडनाव मी त्यास देत आहे.
हजेरीपटावर कारकुनाने गाव विचारले तेव्हा ते मला लागले,
सबब ते स्वकष्टार्जित आहे,
त्यावर भाऊबंदांचा हक्क नाही.

आणि आम्ही दर माघात गाडी करून सालप्याला जातो.
देवाला नारळ, गुरवाला पाचशे एक,
परतताना दादा म्हणतो,
काहीही म्हणा, रक्त ओढतं.

हैबतीनं वांधा घेतला. घेणारच.
साखळी वजनात हलकी भरली असेल.
मग नारूची जबानी, वय अदमासे सतरा.
बापाचे नाव? व्यंकोजी.
जन्मदात्याचे?
इथे कारकुनानं जागा सोडलीय, बोटभर.
नंतर भरू म्हणून सोडली असेल,
नंतर जेवायची सुट्टी झाली असेल.
मी त्या जागेवर बोट ठेवून पाहिलं.
पुढच्या पानावर मुनसफाचा निकाल दोन ओळींचा,
वांधा नामंजूर,
खर्च ज्याचा त्याने सोसावा.

'मळ्युं, बेन?' परमारभाई.
हो म्हटलं. काय मळ्युं ते सांगता येईना.
अर्ज अजून त्यांच्या टेबलावरच होता,
सहाव्या रकान्यातलं माझं अक्षर
जरा जास्तच मोठं आलेलं.
खोडायला पेन उघडलं. मिटलं.

तेवढ्यात फ्लेक्सवाल्याचा फोन.
ताई, मूळपुरुष आणि नारायणराव,
दोघांच्या मधे रेघ ओढायची ना?
मशीन लावून बसलोय.

ते घड्याळ माझ्याकडे आहे.
दादाला चुकीची वेळ दाखवणारं नको होतं.
हल्ली नऊ मिनिटं मागे पडतं.
डाव्या अंगानं, खालून, तळहाताचा हलका धक्का, एकदाच.
बाबांनी माझा हात धरून दाखवलं होतं,
त्यांना आजोबांनी.

ओढ, म्हटलं. बारीक नको, ठळक ओढ.
दादाला काय आणि कसं सांगायचं
ते नक्कल हातात आल्यावर बघू.
मंगळवारी या, परमारभाई म्हणाले,
आणि बस्त्याला पुन्हा गाठ मारली.